एकटीने सांभाळण्याची अट

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी, स्वयंपाकघरातल्या फळीवर, तापाच्या औषधाची बाटली ठेवलेली असते. बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापाच्या झाकणावर लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढलेली आहे. रेघेपर्यंत औषध ओतायचे, एवढे तिला पक्के ठाऊक आहे. पाच मिलिलिटर म्हणजे किती, हे मात्र बौद्धिक दिव्यांगांच्या विशेष शाळेत नऊ वर्षे माझ्या वर्गात बसूनही तिला कधी उमगले नाही. ही रेघ अंगणवाडीच्या ताईंनी ओढून दिली. घड्याळ तिला वाचता येत नाही, म्हणून डोसाच्या वेळाही ताईंनीच बांधून दिल्या: सकाळी दूधवाला येऊन गेला की एकदा, दुपारी नळाला पाणी आले की एकदा आणि रात्रीची मालिका संपली की एकदा. मूल वाढते तशी रेघ वर सरकते. गेल्या वर्षी ताईंनी जुनी पुसून नवी ओढली. "बाई, मी रेघेच्या वर जात नाही," असे तिने मला दोनदा बजावून सांगितले. तिचा मुलगा आता चार वर्षांचा आहे आणि ताईंच्या वजनाच्या नोंदवहीत तो एकदाही कुपोषितांमध्ये गेलेला नाही.

हा मुलगा आईजवळ राहिला, त्याला कायदा कारणीभूत नाही. बाळंतपणानंतर वॉर्डात तिच्या खाटेशेजारीच चर्चा झाली होती, आणि ती तिथे नसल्यासारखीच झाली होती. हिला कशाला मूल, हिला स्वतःचे धड करता येत नाही, एखाद्या संस्थेला देऊन टाका, असा सल्ला जाणत्या माणसांनी अगदी कळवळ्याने दिला. तिच्या सासूबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "माझा नातू आहे, मी कुणाला देणार नाही," एवढे त्या म्हणाल्या आणि विषय संपला. मी या प्रसंगाचा विचार करते तेव्हा एक गोष्ट खटकत राहते. मूल आजीच्या शब्दावर राहिले. आईचा शब्द कोणी विचारलाच नव्हता. सासूबाई नसत्या, किंवा त्याच सल्ला देणाऱ्यांच्या बाजूने असत्या, तर प्रकरण, अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे गेले असते. तिथे काय झाले असते, हे समजून घेण्यासाठी मी कायदा वाचायला घेतला.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 हा एकंदरीत वाईट कायदा नाही. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय, ही तत्त्वे त्याच्या कलम 3 मध्येच लिहिलेली आहेत. काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक कोणाला म्हणावे, याच्या व्याख्येत 'ज्याचे पालक अपात्र किंवा असमर्थ असल्याचे समितीला आढळले आहे' असे बालक येते. अपात्र म्हणजे काय, असमर्थ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. इथपर्यंत तक्रार करता येत नाही, कारण प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी असते आणि निर्णय घेणाऱ्याला थोडी मोकळीक द्यावीच लागते. पण कलम 38 च्या तिसऱ्या पोटकलमापाशी आल्यावर मी थांबले. अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, मतिमंद (म्हणजे आजच्या भाषेत बौद्धिक दिव्यांग) पालकांचे मूल आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नकोसे मूल, या अधिनियमातील कार्यपद्धती अनुसरून, समितीला दत्तकासाठी मुक्त घोषित करता येईल, असा त्याचा आशय आहे.

हे वाक्य नीट पाहावे. त्यात 'करता येईल' असे आहे, 'करावे' असे नाही, आणि कार्यपद्धतीही पाळायची आहे, हे मान्य. तरीही पीडितेच्या मुलाच्या बाबतीत कायद्याने 'नकोसे' हे विशेषण घातले आहे. म्हणजे आईला ते मूल नको असले पाहिजे. मतिमंद पालकांच्या मुलाला असे कोणतेही विशेषण नाही. ते हवेसे असो की नकोसे, त्याची हेळसांड झालेली असो की नसो, ते वजनात भरलेले असो की खंगलेले, त्याच्या आईवडिलांच्या बुद्धीचा दाखला हाच त्याला दत्तकाच्या यादीकडे नेणारा पुरेसा धागा ठरू शकतो. अनाथ, सोडून दिलेले आणि पालकांनी स्वेच्छेने स्वाधीन केलेले मूल दत्तकासाठी मुक्त होते, त्यामागे काही घडलेले असते: कोणी मेलेले असते, कोणी निघून गेलेले असते, किंवा कोणी सही केलेली असते आणि त्या सहीचा फेरविचार करायला कायद्याने दोन महिन्यांची मुदत दिलेली असते. इथे मात्र काहीही घडण्याची गरज नाही. पालक कोण आहेत, एवढेच पुरे.

मानसिक आजाराच्या बाबतीत याच देशाच्या संसदेने दोनच वर्षांनी किती वेगळा विचार केला, हे पाहिले म्हणजे हा मजकूर अधिकच बोचतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 21 नुसार, उपचारासाठी दाखल झालेल्या स्त्रीच्या तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः तिच्यापासून वेगळे करता येत नाही. आईच्या आजारामुळे मुलाला इजा होण्याचा धोका असेल तर तात्पुरते वेगळे करता येते, पण तेव्हाही देखरेखीखाली तिला मुलाला भेटू द्यावे लागते, या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो आणि ताटातूट तीस दिवसांपेक्षा लांबली तर वरच्या प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. अशी कायद्याला साजेशी भाषा आपल्याला लिहिता येते. पण याच अधिनियमाने मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगत्व वगळले आहे. ते वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे, कारण तो आजार नव्हे; परिणाम मात्र असा, की भ्रम होणाऱ्या आईला दर पंधरा दिवसांचे संरक्षण आहे आणि पाच मिलिलिटर न कळणाऱ्या आईला ते नाही.

मग दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 तरी तिच्या मदतीला येत असेल, असे कोणालाही वाटेल. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला 2007 मध्ये मान्यता दिली आणि त्या कराराला अनुसरूनच हा अधिनियम केला. करारातील अनुच्छेद 23 म्हणतो की मुलाच्या अथवा त्याच्या एका किंवा दोन्ही पालकांच्या दिव्यांगत्वाच्या कारणावरून कोणत्याही परिस्थितीत मुलाला पालकांपासून वेगळे करता कामा नये. इतकेच नव्हे, तर मूल वाढवण्याच्या कामात दिव्यांग पालकांना योग्य ते साहाय्य राज्यसंस्थेने द्यावे. आपल्या अधिनियमाच्या कलम 9 मध्ये हे वाक्य उतरले ते अर्धेच. दिव्यांग मुलाला दिव्यांगत्वाच्या कारणावरून पालकांपासून, सक्षम न्यायालयाच्या आदेशाशिवाय, वेगळे करू नये, असे तिथे आहे. 'एका किंवा दोन्ही पालकांच्या' हे शब्द करारातून कायद्यात येता येता कुठेतरी गळून पडले. मूल दिव्यांग असेल तर संरक्षण आहे. आई दिव्यांग आणि मूल धडधाकट असेल तर नाही. गंमत अशी, की याच अधिनियमाच्या कलम 24 मध्ये, ज्या योजना शासनाने आखायच्या आहेत त्यांत, दिव्यांग स्त्रियांना उपजीविकेसाठी आणि त्यांच्या मुलांच्या संगोपनासाठी साहाय्य असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे एका कायद्याने सांगितले, हिला मूल वाढवायला मदत करा; दुसऱ्याने सांगितले, हिचे मूल दत्तक देता येईल; आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला 'अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी' हे शब्द आहेत.

न्यायालये या बाबतीत कायदेमंडळाच्या पुढे आहेत. चंडीगडमधील एका शासकीय आश्रयगृहात राहणारी बौद्धिक दिव्यांग तरुणी तिथेच झालेल्या अत्याचारातून गर्भवती राहिली. तिला मूल हवे होते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने जुलै 2009 मध्ये तिच्या गर्भपाताचा आदेश दिला. सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंडीगड प्रशासन या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने तो आदेश स्थगित केला आणि ऑगस्टमध्ये सविस्तर कारणे दिली. तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, हे तर न्यायालयाने म्हटलेच. शिवाय सौम्य आणि मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती चांगले पालक होऊ शकतात, आणि असे दोष पुढच्या पिढीत उतरतातच, हा वंशशुद्धीचा जुना समज अभ्यासांनी खोटा ठरवला आहे, हेही नोंदवले. त्या निकालातली मला सर्वांत मोलाची वाटणारी ओळ मात्र अगदी व्यवहारातली आहे. बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या शासकीय संस्थेच्या अध्यक्षांनी, या स्त्रीची आणि तिला मूल सांभाळण्यात लागणाऱ्या मदतीची जबाबदारी घ्यायला आपण तयार आहोत, असे सांगितले होते आणि न्यायालयाने त्याची दखल घेतली. हिला एकटीला जमेल का, हा प्रश्न तिथे 'हिच्याबरोबर कोण उभे राहील' या प्रश्नात बदलला. हा निकाल लागल्यानंतर सहा वर्षांनी कलम 38 चा तो मजकूर संसदेने मंजूर केला, आणि त्यात मतिमंद आई आणि अत्याचाराची पीडिता शेजारी शेजारी लिहिल्या गेल्या. चंडीगडची ती तरुणी दोन्ही होती.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे सत्तावीस वर्षांच्या एका अविवाहित तरुणीचे प्रकरण आले. वडिलांनी तिच्या मानसिक अवस्थेचे कारण देऊन गर्भपाताची परवानगी मागितली होती. तिला स्वतःला मूल हवे होते. जे. जे. रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाने तपासून सांगितले की तिला मानसिक आजार नाही, बुद्ध्यंक 75 आहे. सरासरीपेक्षा बुद्धी थोडी कमी म्हणून तिला आई होण्याचा हक्कच नाही काय, असे न्यायालयाने विचारले. विचारले हे बरेच झाले. पण पोटातल्या मुलाबद्दल न्यायालये जितकी स्पष्ट बोलतात, तितके जन्मलेल्या मुलाबद्दल बोलण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. कारण गरीब, बौद्धिक दिव्यांग आई बाल कल्याण समितीच्या आदेशाविरुद्ध अपील करायला वकील गाठेल, ही कल्पनाच आपल्या व्यवस्थेत हास्यास्पद आहे. बहुतेक वेळा आदेशापर्यंतही गोष्ट जात नाही. एक कागद पुढे येतो, आईचा अंगठा उमटतो आणि स्वेच्छेने स्वाधीन केल्याची नोंद होते. त्या दोन महिन्यांच्या फेरविचाराच्या मुदतीचा अर्थ तिला कोणी, कोणत्या शब्दांत सांगितला, हे त्या कागदावरून कळत नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत नाक वर करून बोलावे, अशी स्थिती नाही. 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. स्वच्छतेचे कारण देण्यात आले, मासिक पाळी या मुलींना सांभाळता येत नाही म्हणून. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबले. तेव्हापासून तीस वर्षे उलटली आणि आज अशी शस्त्रक्रिया संमतीशिवाय करणे कायद्याने निषिद्ध आहे. पण त्या निर्णयाच्या मुळाशी असलेला विचार, या मुलींचे आईपण हा एक धोका आहे आणि तो उगमापाशीच मिटवावा, तो गेला असे मला माझ्या धंद्यातल्या अनुभवावरून म्हणवत नाही. आम्ही विशेष शिक्षक या मुलींना पणत्या रंगवायला, कागदी पिशव्या चिकटवायला, मेणबत्त्या ओतायला शिकवतो. शरीराबद्दल, लग्नाबद्दल, मुलाबद्दल आमच्या वेळापत्रकात एक तास नसतो. पालकसभेत कोणी विषय काढलाच तर "ते नको बाई" एवढे उत्तर येते आणि आम्हीही सुटकेचा निःश्वास टाकतो. याच समाजात बौद्धिक दिव्यांग मुलाचे मात्र, गोष्ट लपवून, एखाद्या गरीब घरातल्या मुलीशी लग्न लावले जाते, कारण लग्न झाले की तो ताळ्यावर येईल. त्याच्या बाप होण्याच्या पात्रतेचा दाखला कोणी मागत नाही. मूल सांभाळायला बायको आहेच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते.

आणि खरे तर मला जे म्हणायचे आहे ते या गृहीतातच आहे. आपल्याकडे एकटीने मूल वाढवलेली आई मला अजून भेटलेली नाही. बाळंतीण माहेरी जाते, आजी तेल लावते, मावशी टाळू भरते, शेजारीण मूल मांडीवर घेते तेव्हा आईचे जेवण होते. नोकरी करणारी, पदव्युत्तर शिकलेली आई पाळणाघराला पैसे मोजते आणि औषधाचा डोस बालरोगतज्ज्ञाला फोन करून विचारते; तिला कोणी असमर्थ म्हणत नाही. निरक्षर मायांनी वाढवलेल्या मुलांनी या राज्यात मोठमोठी पदे भूषवली. त्यांच्या आयांना बाटलीवरचे आकडे वाचता येत होते काय? एकटीने सांभाळून दाखवण्याची अट आपण फक्त एकाच आईला घालतो आणि ती पुरी करता आली नाही की तिला अपात्र ठरवतो.

केवळ बुद्ध्यंकावरून कोण मुलाला नीट वाढवील आणि कोण नाही, हे सांगता येत नाही, असे या विषयावर अनेक देशांत झालेला अभ्यास सांगतो. गरिबी, एकाकीपणा, आईने स्वतः लहानपणी सोसलेला छळ यांचा वाटा त्यात कितीतरी मोठा असतो. मॉरिस फेल्डमन या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी अशा पालकांच्या घरी जाऊन, आंघोळ घालण्यापासून बाटली निर्जंतुक करण्यापर्यंतचे प्रत्येक काम लहान लहान पायऱ्यांत, चित्रांच्या मदतीने, पुन्हा पुन्हा करून दाखवून शिकवण्याची पद्धत उभी केली आणि ती उपयोगी पडते हे दाखवून दिले. आमच्या ताईंनी फेल्डमन यांचे नावही ऐकलेले नाही. नेलपॉलिशची रेघ ही तीच पद्धत आहे.

परदेशात सगळे सुरळीत आहे, असे मात्र कोणी समजू नये. जर्मनीत एका दाम्पत्याच्या दोन मुली, पालकांची बौद्धिक कुवत अपुरी असल्याच्या कारणावरून, घरातून हलवण्यात आल्या. मारहाणीचा वा छळाचा आरोपही नव्हता आणि आजी-आजोबा त्याच घरात राहत होते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2002 मध्ये, कुत्झनर प्रकरणात, हा कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग ठरवला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये एकोणीस वर्षांच्या मातेचे दोन दिवसांचे बाळ काढून घेतले गेले. तिचे आईवडील मदतीला तयार होते. तिथल्या केंद्र शासनाने 2015 मध्ये हा भेदभाव असल्याचा निष्कर्ष काढला. जर्मनी असो वा अमेरिका, आधार घरातच उभा होता आणि यंत्रणेला तो दिसला नाही. आपल्याकडे नेमके उलटे आहे: घरातला आधार सगळ्यांना दिसतो, म्हणून यंत्रणा निर्धास्त असते, आणि तो नसला की तिच्याकडे दत्तकावाचून दुसरे उत्तरच नसते.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. मुलाचे काय? आईचा हक्क जपताना पोराच्या जिवाशी खेळ नको, असे बालगृहात काम करणारी एक मैत्रीण मला म्हणाली आणि तिने जे पाहिले आहे ते मी पाहिलेले नाही. काही मुले आईपासून दूर न्यावी लागतात, हे मी मान्य करते. अशा घरांत सर्वांत मोठा धोका बहुधा आईकडून येत नाही. तिचा भोळेपणा ओळखून घरात शिरणाऱ्या पुरुषाकडून येतो, आणि तिला तो वेळीच ओळखता येत नाही, हे खरे आहे. दुसरा धोका हळू येतो. मूल सहा-सात वर्षांचे झाले की तेच आईला बसचा नंबर सांगते, रेशनच्या दुकानात हिशेब करते, शाळेतून आलेली चिठ्ठी स्वतःच वाचून स्वतःच उत्तर देते. त्याचे बालपण आईच्या कारकुनीत जाऊ नये. पण या दोन्ही धोक्यांवरचा उपाय घरात नियमित येणारे एखादे विश्वासू मोठे माणूस हाच आहे. मुलाला उचलून नेल्याने धोका टळतो, हे गृहीतही तपासावे लागेल, कारण संस्थेच्या भिंतीआड मुलांचे काय होते, हे आपण चंडीगडच्याच प्रकरणात पाहिले.

असे माणूस आणायचे कुठून, असा प्रश्न येईल. ते अगोदरच दारापर्यंत येते. रुग्णालयात प्रसूती झाली तर पहिल्या बेचाळीस दिवसांत आशाताईने सहा गृहभेटी द्यायच्या असतात आणि त्यानंतर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आणखी पाच. बौद्धिक दिव्यांग आईसाठी या भेटी दुप्पट कराव्यात, त्या पहिलीच्या प्रवेशापर्यंत चालू ठेवाव्यात आणि त्यासाठी आशाताईला वेगळा मोबदला द्यावा. मानधनासाठी त्यांना आझाद मैदानात बसावे लागते, हे विसरून त्यांच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे काम टाकू नये. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे आणि तिचा हेतूच मूल संस्थेत न जाता कुटुंबात वाढावे हा आहे. आईचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र ही तिच्यासाठी पुरेशी पात्रता मानावी. ज्या प्रमाणपत्राच्या आधारे मूल दूर जाऊ शकते, त्याच प्रमाणपत्राच्या आधारे मदत का येऊ नये?

कायद्यातला बदल तर चार-दोन शब्दांचाच आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 38 मधून मतिमंद पालकांचा उल्लेख काढावा. हेळसांड झालेल्या मुलासाठी इतर तरतुदी पुरेशा आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 9 मध्ये गळालेले शब्द परत घालावेत. आणि तोपर्यंत प्रत्येक बाल कल्याण समितीने स्वतःवर एक बंधन घालून घ्यावे: या आईला कोणती मदत, कोणी, किती महिने दिली आणि ती का पुरी पडली नाही, हे आदेशात लिहिल्याशिवाय तिचे मूल दत्तकासाठी मुक्त करू नये. हे लिहायला बसल्यावर अनेक समित्यांच्या लक्षात येईल की लिहिण्यासारखे काही नाही, कारण मदत दिलीच गेली नव्हती.

माझ्या विद्यार्थिनीच्या सासूबाईंना आता गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. अंगणवाडीच्या ताई येत्या वर्षी निवृत्त होत आहेत. मुलगा पाच वर्षांचा झाला की झाकणावरची रेघ पुन्हा वर सरकवावी लागेल, आणि ते काम कोणाचे, हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेले नाही.